आधी माणसं, मग कॅसेटी, वाकळा शेवटी

पत्र: आमच्या मोठ्या आत्या, साऱ्या गल्लीच्या आक्का, गेल्या माघात 82 व्या वर्षी गेल्या. सोलापूरच्या साखर पेठेतल्या दोन खोल्यांत त्यांचा जन्म गेला. मागे 14 वाकळा आहेत. त्यातली एक अर्धवट आहे, सुई अजून तिच्यातच टोचलेली. एक लोखंडी ट्रंक भरून लुगडी, 22 कॅसेटी (आक्का आणि शेजारणींच्या ओव्या, भावाने कधीकाळी टेप केलेल्या) आणि तीन वह्या: रांगोळ्या, पदार्थ, हिशेब. वर्षश्राद्ध येत्या माघात आहे आणि दिवाळीनंतर खोल्या मालकाच्या ताब्यात द्यायच्या आहेत. थोरल्या भावाला स्मृतिग्रंथ काढायचाय आणि चौकात मोठा फ्लेक्स लावायचाय. चुलतबहीण म्हणते, लुगडी कापून सगळ्यांना एकेक पिशवी शिवू. वहिनीने एक वाकळ मशीनला लावली, तर लाल रंग पांढऱ्यावर उतरला आणि आतलं कापड गोळा झालं. आम्ही सहा वारस आहोत. कुठून सुरुवात करू?
— भाची, विजापूर रोड

ताई, तुमच्या घरात वाद चाललाय तो कापडावरून, आणि घाई सगळ्यात कमी आहे ती कापडालाच. कोरडं, अंधारात ठेवलेलं सुती कापड आणखी 50 वर्षं कुठे जात नाही. कॅसेटीचं तसं नाही. आणि आक्कांच्या शेजारी बसून ओवी उचलणाऱ्या बायकांचं तर अजिबातच नाही. त्यांची वयं काय असतील याचा हिशेब तुम्हीच करा. म्हणून जे आधी जाणार त्याचं आधी करायचं. भावांना एवढंच सांगा की माघापर्यंत काहीही कापायचं नाही, वाटायचं नाही आणि मशीनला लावायचं तर मुळीच नाही.

खोल्या हातात आहेत तोवर काम तिथेच करा. दोन्ही खोल्यांचे चारी कोपऱ्यांतून फोटो काढा. मग आक्का शिवायला बसायच्या ती जागा घ्या: उजेड कुठल्या बाजूने यायचा, पाठ कशाला टेकायच्या, दोऱ्याचा डबा हाताच्या कुठल्या अंगाला असायचा. हे एकदा घर रिकामं झालं की कुणालाच धड आठवत नाही. दोन भावंडं दोन बाजू सांगतात आणि दोघंही शपथेवर सांगतात.

मग वाकळा एकेक करून जमिनीवर पसरा आणि शेजारणींना बोलवा. एका वेळी दोघीच. पाच जणी आल्या की पाची एकदम बोलतात आणि नंतर ऐकताना एकीचंही वाक्य हाती लागत नाही. पंखा बंद करा, फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा. नुसत्या फरशीवर ठेवला तर भांडं ठेवल्याचा, बांगडी आपटल्याचा दणका थेट आत जातो. बोलणाऱ्यापासून दीड-दोन फूट अंतर पुरे.

"आक्का कशा होत्या?" असं विचारू नका. "देवमाणूस होती गं" एवढं उत्तर येतं आणि डोळ्याला पदर लागतो. त्यापुढे गाडी जात नाही. बोट एका तुकड्यावर ठेवा आणि विचारा, "हे कुणाचं?" मग निघतं: ही अमक्याच्या मुंजीतली खणाची चोळी, हा मिलच्या खाकी सदऱ्याचा खिसा, ही पहिल्या बाळाची झबली. बोट कुठे आहे ते रेकॉर्डिंगमध्ये दिसत नाही, म्हणून तोंडानेही म्हणा: "तीन नंबरची वाकळ, खालचा डावा कोपरा, निळी चौकडी." त्यासाठी वाकळांना आधी नंबर द्या. कागदाची चिठ्ठी सेफ्टी पिनने नको, पिनेला गंज चढतो. पांढऱ्या सुती नाडीचा बोटभर तुकडा घ्या, त्यावर पाण्यात न पसरणाऱ्या पेनने नंबर लिहा आणि कोपऱ्याला दोन टाक्यांनी अडकवा. धोब्यासारखी बिब्ब्याची खूण करायला कुणी सांगेल, पण बिब्बा अंगाला उततो आणि कापडही चरतो.

पेठेतल्या शेजारणी म्हणजे निम्म्या तेलुगू किंवा कानडी बोलणाऱ्या असणार. त्यांना मराठीत ओढू नका. कानडीतली कौदी आणि तेलुगूतली बोंत ही आपल्या वाकळेचीच भावंडं. त्यांच्या बोलीत टाक्याला, घडीला, ठिगळाला जे शब्द आहेत ते मराठीत सांगताना त्या गाळून टाकतात. मागाहून कुणाकडून तरी अर्थ लावून घेता येतो.

आता कॅसेटी. पहिलं काम दोन मिनिटांचं आहे, आजच करा. प्रत्येक कॅसेटीच्या वरच्या कडेला दोन टोकांना प्लॅस्टिकच्या दोन छोट्या जिभा असतात, त्या मोडून टाका. त्या असल्या आणि चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं, तर आक्कांच्या आवाजावर तुमच्या स्वयंपाकघराचा आवाज चढतो. मोडल्या की तो धोका संपला. कॅसेटी पत्र्याच्या कपाटावर, स्पीकरजवळ किंवा खिडकीच्या उन्हात ठेवू नका. सोलापूरच्या मे महिन्यात माळ्यावर काढलेल्या कॅसेटीचं कवचसुद्धा वाकतं.

टेपच्या गुंडाळीवर पांढरट बुरशी दिसली तर ती कॅसेट वाजवायची नाही, वेगळी ठेवायची. बुरशी प्लेअरच्या हेडला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटीत जाते. बाकीच्या कॅसेटी आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या, म्हणजे वर्षानुवर्षं चिकटून बसलेले वेढे सुटतात. हे पहिलं फिरवणं पेन्सिलने हाताने करा. प्लेअरच्या जोराने टेप सुरुवातीच्या जोडापाशीच तुटते. तिथे तुटलीच तर घाबरू नका, त्या टोकाला आवाज नसतो. साधी चिकटपट्टी मात्र लावू नका. तिचा गोंद पाझरतो आणि शेजारचे वेढे चिकटतात.

जुना प्लेअर मिळवला की आधी एखाद्या फुकटच्या कॅसेटीवर तपासा. आवाज जाड आणि रेंगाळत आला तर आतला रबरी पट्टा सैल पडलाय, तो बदलून मिळतो. आवाज घोंगडीखालून आल्यासारखा वाटला तर हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तरीही उघडला नाही तर हेडशेजारचा छोटा स्क्रू अगदी पाव फेरा इकडे-तिकडे करून पाहा. "स" आणि "श" स्वच्छ ऐकू आले की थांबा. हा स्क्रू प्रत्येक कॅसेटीला थोडा वेगळा लागू शकतो, कारण टेप केलेला प्लेअर दुसरा होता.

प्लेअरसमोर फोन धरून रेकॉर्ड करू नका. खोलीचा घुमारा, रिक्षाचा हॉर्न, सगळं ओवीत शिरतं. प्लेअरच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून लाइन-इन असलेल्या यूएसबी साउंड कार्डात घाला आणि ते लॅपटॉपला लावा. लॅपटॉपचं स्वतःचं भोक बहुधा माइकचं असतं. त्यात थेट वायर घातली की आवाज फाटतो. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, वेव्ह फाइल ठेवा. आवाजाचा काटा उणे 6 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. बायका वरच्या पट्टीत ओवी उचलतात तेव्हाच तो लाल होतो, म्हणून पातळी त्या जागेवर ठरवा, सुरुवातीच्या खोकण्या-बोलण्यावर नाही. तासाभराच्या कॅसेटीची स्टिरिओ फाइल साधारण 1 जीबी होते. 22 कॅसेटी तासाच्या असतील तर 22 तास बसायचंय, यात घाई चालत नाही. तीन प्रती करा: दोन वेगवेगळ्या घरांत दोन हार्ड डिस्क आणि एक इंटरनेटवर. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पाठवायला हलकी एमपी3 वेगळी काढा. खरखर काढायची असेल तर ती या हलक्या प्रतीतून. मूळ फाइलीला हात लावू नका. सॉफ्टवेअर खरखरीबरोबर जात्याची घरघरही पुसतं.

आणि मग लिहिणं. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर या संशोधकांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाच्या वर जात्यावरच्या ओव्या जमा केल्या. 2017 पासून त्या पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर टप्प्याटप्प्याने येत आहेत. तिथे ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव असतं. तुमच्या वहीतही प्रत्येक ओवीपुढे तेवढं हवंच: कुणी उचलली, कुणी झेलली, कुठली कॅसेट, कुठली बाजू, कितवं मिनिट. आक्का "व्हतं", "आलं न्हाई" म्हणाल्या असतील तर तसंच लिहा. तुमच्यापैकी जो शाळामास्तर असेल तो ते "होतं" करायला बसेल. त्याला या कामावर ठेवू नका, त्याच्याकडे हिशेबाची वही द्या. मधलं "गं बाई" आणि पुन्हा घोळवलेली ओळही पहिल्या वेळेस पूर्ण लिहा. अक्षरं त्या घोळण्यामुळेच चालीत बसतात. शब्द कळला नाही तर अंदाज न मारता मोकळी जागा सोडा आणि शेजारणीला ऐकवा. कित्येकदा ती पुढची ओवीच म्हणून दाखवते. तीही टेप करा.

वह्यांचं काम एका सुट्टीत होतं. खिडकीपाशी, फ्लॅश न मारता, पानाला समांतर फोन धरून फोटो काढा. स्कॅनचं अॅप आपोआप काळं-पांढरं करतं, ते बंद करून रंगीतच ठेवा. हळदीचा डाग ज्या पानावर जास्त, तो पदार्थ घरात जास्त व्हायचा. कोरी पानंसुद्धा घ्या. पानं लॅमिनेट करू नका, टाचण्या काढून टाका. पदार्थांच्या वहीत "दोन मुठी शेंगा, बेताचं तिखट" असं असणार. त्यावर उपाय एकच: त्यांची वाटी, फुलपात्र आणि डाव पाणी भरून मोजा आणि किती मिली ते वहीच्या फोटोखाली लिहून ठेवा. भांडी वाटली गेली की ती मापं गेली. शेंगाच्या चटणीला त्यांचा उखळ होता की मिक्सर, हेही विचारून घ्या. उखळात दाणे दाबले जाऊन तेल सुटतं आणि चटणी ओलसर, दाट होते. मिक्सरचं पातं तेच दाणे नुसते कापतं, म्हणून कोरडा भुगा होतो, आणि जास्त फिरवलं तर एकदम लगदा. वही तंतोतंत पाळूनही "आक्कांसारखी होत नाही" म्हणतात ते बहुतेक यामुळे.

स्मृतिग्रंथाबद्दल स्पष्टच लिहितो. 60 जणांचे "प्रेमळ, कष्टाळू, मायाळू" असे 60 लेख कुणी दुसऱ्यांदा उघडत नाही. काढायचंच तर 32 पानी पुस्तिका काढा. मधून टाचलेल्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीत लागतात. अर्ध्या पानांवर ओव्या, उरलेल्यांत वाकळांचे फोटो, दोन-चार रांगोळ्या आणि पदार्थ. नातेवाइकांकडून लेख मागण्याऐवजी प्रत्येकाकडून आक्कांचं एकच वाक्य जसंच्या तसं मागा, कुठे आणि कशावरून म्हणाल्या त्यासह. 50 प्रती डिजिटल छपाईत निघतात. एक हिराचंद नेमचंद वाचनालयाला द्या. फ्लेक्सचं म्हणाल तर तो उन्हाने विटेपर्यंत चौकात राहतो आणि मग कुणाच्या तरी पत्र्यावर गळती झाकायला जातो. त्याच पैशात साउंड कार्ड आणि दोन हार्ड डिस्क याव्यात. भाऊ ऐकणार नसतील तर फ्लेक्स लहान करायला सांगा, वाद वाढवू नका.

आता कापड. वहिनीवर रागावू नका, मशीनने सगळ्यांच्याच वाकळा बिघडतात. जुन्या वाकळेत आतले थर विरलेले असतात आणि नुसत्या धावदोऱ्यावर तगून असतात. ड्रम फिरला की आतले टाके तुटतात, थर सरकतो आणि त्याचा गोळा होतो. उतरलेला लाल रंग अजून जाण्यासारखा आहे, फक्त त्यावर इस्त्री फिरवू नका आणि उन्हात घालू नका. उष्णतेने तो पक्का होतो. मोठ्या टपात भरपूर गार पाणी आणि चमचाभर सौम्य लिक्विड साबण घ्या. वाकळ अर्धा तास बुडवा, हाताने नुसती दाबा, पिळू नका आणि पाणी बदला. पाणी निवळ येईपर्यंत हेच. सहा-सात वेळा लागेल, म्हणून नळाला पाणी येण्याचा दिवस धरा. बोअरचं जड पाणी साबणाचा थर कापडात सोडतं. मीठ किंवा तुरटी टाकून रंग बसवायला जाऊ नका. मिठाने तो बसत नाही आणि तुरटीने जुनं सूत कुजतं. ओली वाकळ दोरीवर कधीच नको. कोरडी तीन-चार किलोची वाकळ भिजली की दुपटीवर जाते आणि त्या ओझ्याने टाके ओघळतात. चादरीची झोळी करून दोघांनी उचला आणि सावलीत आडवी पसरा. ओली असतानाच आतला गोळा बोटांनी कडेकडे सारा, वाळल्यावर त्या जागी नवा धावदोरा घाला.

बाकीच्या 13 मात्र धुऊ नका. झटका आणि थंडीच्या कोरड्या हवेत सावलीत दोन दिवस वारा द्या. धुवावीच लागली तर आधी प्रत्येक रंगावर ओला पांढरा फडका पाच मिनिटं दाबून पाहा. लाल आणि काळा हमखास दगा देतात.

ठेवताना ट्रंक विटांवर ठेवा, भिंतीपासून वीतभर लांब, वाळवीसाठी. आतून धुतलेल्या मांजरपाटाचं अस्तर लावा, नाहीतर पत्र्याचा गंज कापडावर उठतो. प्लॅस्टिकची पिशवी नको, आत दमटपणा कोंडतो. खळ दिलेलं लुगडं तसंच ठेवू नका. कसर येते ती खळीसाठी, आणि खळीबरोबर सूतही खाते. डांबराच्या गोळ्या जरीला आणि कापडाला टेकू देऊ नका. दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून दुसऱ्या जागी घाला, नाहीतर घडीवरच कापड फाटतं.

पिशव्यांना आमचा विरोध नाही, पण इरकली त्यातून वगळा. इरकलीचा पदर वेगळ्या ताण्याचा असतो आणि अंगाच्या ताण्याशी फासे अडकवून जोडलेला असतो. कात्री त्या जोडाजवळ गेली की तो उसवत जातो, परत बसवता येत नाही. पिशव्या शिवायच्या त्या टेरिलीनच्या आणि नायलॉनच्या साड्यांच्या शिवा. नाहीतरी त्या वाकळेला निरुपयोगी. सुई त्यांच्यावरून घसरते, आणि धुतल्यावर सूत आटतं, त्या आटत नाहीत, मग सुरकुत्या पडतात.

विरलेल्या सुती लुगड्यांची एक नवी वाकळ मात्र सगळ्यांनी मिळून शिवावी असं वाटतं. नऊवारी न कापता लांबीत चार पदरी घडी घातली की पावणेसात फूट बाय जवळपास चार फूट असे चार थर एकाच लुगड्यात होतात. जुन्या बायकांचं माप हेच. वर एक आणि खाली एक चांगलं कापड, एकूण सहा थर. त्याहून जास्त झाले तर सुई जात नाही. पसरून झाल्यावर आधी मधून कडेकडे हातभर अंतराने कच्चे टाके घाला, म्हणजे फुगा बाहेर निघतो. पक्का धावदोरा मात्र कडेपासून आत, चौकोनात फिरत. दोरा सुतीच घ्या, पॉलिस्टरचा दोरा जुन्या सुताला करवतीसारखा कापतो. दीड हातापेक्षा लांब ओवला तर गाठी पडतात. दोन ओळींत बोटभर अंतर ठेवलं तर एवढ्या वाकळेला 430 फुटांच्या आसपास शिवण होते. चौघी चार बाजूंना बसू शकतात, पण प्रत्येकीचा हात वेगळा ताणतो. दर दोन फेऱ्यांनी जागा बदला, म्हणजे एकच कोपरा आवळत नाही.

दिवस ठरवताना संक्रांतीचे चार दिवस सोडा. सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या अक्षता आणि नंदीध्वजांच्या मिरवणुकीत जुन्या गावातून वाट मिळत नाही, आणि पाहुणे आले तरी त्यांचं लक्ष गड्ड्यावर, म्हणजे यात्रेतल्या जत्रेवर. त्यानंतर माघापर्यंत हवा कोरडी असते, वाकळांना वारा द्यायला आणि मांडायला तीच बरी. वर्षश्राद्ध तिथीने येतं, तारखेने नाही, तेव्हा गुरुजींकडून आधीच पक्कं करून घ्या.

वाटणी सोपी आहे. अर्धवट वाकळ आणि रंग उतरलेली वाकळ सामाईक ठेवा. 12 उरतात, सहा वारस. चिठ्ठ्या टाकून क्रम लावा. पहिल्या फेरीत एक ते सहा, दुसऱ्यात उलट सहा ते एक, म्हणजे शेवटच्याला लागोपाठ दोन निवडता येतात. घेतलेली वाकळ अंगावर घ्या, लहान पोरांच्या अंगाखाली घाला.

राहिली ती अर्धवट वाकळ. ती पुरी करू नका. बाकीच्या 13 वाकळांचं आतलं आता कुणाला दिसणार नाही. आक्का थर कसे लावत, कच्चे टाके किती अंतराने टाकत, कोपरा कसा मुडपत, हे उघडं दिसतं ते या एकीतच. नवी शिवताना हीच समोर पसरून ठेवा. पण तिच्यातली सुई तशीच राहू देऊ नका. श्रावण-भाद्रपद दोन्ही गेले, एव्हाना तिला गंज धरला असेल, आणि गंजाचा डाग सुतात भोक पाडतो. आधी जवळून तीन-चार फोटो काढा: सुईचं टोक कुठल्या बाजूला आहे, दोरा वरून की खालून. मग सुई ओढू नका. दोरा नेढ्यापाशी कापा आणि सुई ज्या दिशेने चालली होती त्याच दिशेने हलकेच पुढे काढून घ्या. मागे ओढली तर गंजाचा खरखरीतपणा टाका उसवतो. सुटलेलं टोक मोकळं लोंबू द्या, गाठ मारू नका. शेजारी एक पिवळा दोरा सैल अडकवा, जागा कळावी म्हणून. सुई कोरड्या काचेच्या बाटलीत ठेवा आणि बाटलीवर वाकळेचा नंबर लिहा.